चंपतसाठी चरखी

नदीवरचा बंगला, तालुका रिसोड
२ नोव्हेंबर १९३६

ती. स्व. गिरजाअक्कास,
चंपतचा शि. सा. न. वि. वि. मी इथं ठीक आहे. तुमी सगळे शिरपूरले खुशाल असाल.

पैनगंगेचं पाणी आता निवळलं. बंगल्यावर या महिन्यात कोणी साहेब उतरणार नाही. चौकीदाराचं काम म्हणजे कुलपं उघडायची, झाडायचं, कुलपं लावायची. मंग दिवस खायले उठते. म्हणून मी नदीवर जातो. बदलून गेलेल्या इंजिनेरसाहेबानं मासे धरायची त्याची जुनी काठी मले देली, हे तुले माहीत आहे. तिले गांडूळ लागत नाही. पिसांची बनवलेली खोटी माशी पाण्यावर फेकायची, मासा तिले खरी समजून वर येते.

काठीले खाली एक चरखी असते, तिच्यावर दोर गुंडाळलेला असते. ती खराब झाली. दोर जाते, पण परत गुंडाळताना अडकते. मंग दोर सोडवायले मले डोहात उतरा लागते, कधी छातीपर्यंत. आत गेलं का बाहेर यायची घाई वाटत नाही. म्हणून न अडकणारी चरखी पायजे. कारंजाचा आपला सैफुद्दीन दुकानाचा माल आणायले मुंबईले जाते, त्याले सांग. माझ्याजवळ सहा रुपये जमले ते मनीऑर्डरनं धाडतो, त्यात बसली पायजे. चमक नसली तरी चालन, टिकली पायजे.

भाऊजींले नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नको, एवढीच विनंती.

तुझा
चंपत

शिरपूर
९ नोव्हेंबर १९३६

चि. चंपत यास,
गिरजाचे अनेक आशीर्वाद वि. वि. तुझं पत्र पावलं, मनीऑर्डर पावली. पत्र तीनदा वाचलं. भाऊजींनी इचारलं का एवढं काय लिहिलं आहे त्यात. मी म्हटलं, जे लिहिलं नाही ते शोधून राह्यली.

चरखी पायजे म्हणतोस. पिसांच्या माशीची सारी हकिगत लिहितोस. पण तुझी पोट्टी चौदा महिन्यांची झाली, तिच्याबद्दल एक अक्षर नाही. जिजा तापानं गेली, तेव्हा अनसू तीन आठवड्यांची होती. माझ्या पदरात टाकून गेलास, तो गेलासच. वर्षभरात तू सहा पत्रं लिहिली असतील. एकात तरी तिचं नाव आहे का, सांग. मी पण लिहीत नव्हती, तुझी जखम कायले उकरा म्हणून. आज लिहितो. तिले सहा दात आले. वांग्याच्या वाफ्यात बसून माती खाते. मागच्या सोमवारपासून चालून राह्यली, चार पावलं टाकते अन् बदकन बसते. तिचं कपाळ जिजाचं आहे अन् हट्ट तुझा आहे.

अन् तो डोह. छातीपर्यंत पाण्यात उतरतो हे तू असं लिहिलं जसं भाजी घेतली लिहावं. मले ते वाचून जेवण गेलं नाही. तुले पोहता येत नाही, हे मले माहीत नसन काय? लहानपणी विहिरीत पाय सोडायले भेत होतास तू.

सैफुद्दीनभाऊले निरोप धाडला. चरखी येईन. पण ती मी पोस्टानं धाडणार नाही. शिरपूरले ये, पोट्टीचं तोंड पाह्य अन् घेऊन जा. भाऊजी म्हणतात असं अडवून धरू नये. मी कोणाचं ऐकणार नाही.

जीव सांभाळ, तो एकट्या तुझा नाही.

गिरजा

कारंजा
२७ नोव्हेंबर १९३६

सौ. गिरजाबाईस,
सैफुद्दीनचा सलाम वि. वि. तुमच्या घरी सगळे खैरियतनं असतील. अब्बा बरे आहेत. दुकानात ते बसतात अन् गिऱ्हाईकाशी भांडतात, म्हणून मी मुंबईवरून लवकर परतलो.

चरखी भेटली. ती कशी निवडली ते पहिले सांगतो, नाहीतर तुमी म्हणसान सैफ्यानं चंपतचे पैसे पाण्यात घातले. चरखीले खाली एक पाय असते, तो काठीच्या खाचेत बराबर बसला पायजे. माप नव्हतं, म्हणून मुंबईले जायच्या आधी मी चंपतकडं नदीवर जाऊन सुतळीनं माप घेतलं. मुंबईत तीन चरख्या पाह्यल्या. एक विलायती, कोरी. हातात घेतली अन् किंमत ऐकून हळूच ठेवून देली. दुसरी जपानी, चार रुपये, आरशासारखी चकचकीत. पण मधला दांडा हलत होता अन् पाय पत्र्याचा. घेणारा दोन महिन्यांत रडला असता. तिसरी जुनी, विलायतेले परतलेल्या एका साहेबाच्या सामानातली. अंगावर ओरखडे, रंग उडालेला. पण दांडा पितळेचा, तसूभर हलत नाही. फिरवली का करकर आवाज सारखा येते, मधात कुठं दबत नाही. मी दुकानदाराले म्हटलं दोर धरून पळा अन् मधातच थांबा. तो जाडा माणूस, पण गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. तो थांबला तशी चरखीही थांबली, दोराचा गुंता झाला नाही. साडेपाचात घेतली अन् उरलेल्या पैशात आतली स्प्रिंग जास्तीची घेतली. तुमचे मालक रंगरावभाऊ कारंजाच्या बाजारात आले होते, त्याइच्याजवळ देली आहे. ती तुमच्या हाती पडली असन.

आता दुसरी गोष्ट. ही लिहू का नको, असं करता करता दोन दिवस गेले.

मी नदीवर पोचलो तेव्हा चंपत कमरेइतक्या पाण्यात होता. त्याच्या कमरेले सुंभाचा दोर होता अन् दोराचं दुसरं टोक काठावरच्या जांभळाले बांधलेलं. मी हसलो, म्हटलं पोहता येत नाही म्हणून काय रे. तो हसला नाही. बाहेर आल्यावर त्यानं सांगतलं का पोहण्यासाठी नाही. म्हणे, दोर सोडवायले आत गेलो का पाय आपोआप पुढं जाते. दोन वेळा गेला. म्हणून जायच्या आधी बांधून घेतो. मी म्हटलं, तर मासे धरणं सोड ना. तो म्हणाला का काठी फेकतो तेवढा वेळच डोकं शांत राह्यते, ते सोडलं तर दिवसभर तेच.

बाई, मी तुमच्याहून लहान आहे. पण हात जोडून सांगतो, ती चरखी अडवून धरू नका. चरखी अडकली नाही तर त्याले डोहात उतरायचं काम नाही. तो येईन तेव्हा येईन.

मले त्याची लय फिकर आहे. तुमचा हात पाठीवर राहू द्या.

सैफुद्दीन

(पोस्टकार्ड)
शिरपूर
३० नोव्हेंबर १९३६

चि. चंपत यास,
अनेक आशीर्वाद. चरखी आली. मी रागात लिहिलं ते मनावर घेऊ नको. यायची अट नाही. गुरुवारी भाऊजी स्वतः चरखी घेऊन तुझ्याकडं येऊन राह्यले. तोवर नदीवर जाऊ नको, माझी शपथ आहे तुले. पोट्टी मजेत.

गिरजा

शिरपूर
५ डिसेंबर १९३६

रा. रा. सैफुद्दीनभाऊ यांस,
गिरजाबाईचा नमस्कार वि. वि. तुमचं पत्र वाचल्यापासून माझा हात कामाले लागत नव्हता. चंपतले लगेच कार्ड लिहिलं. त्या कार्डानं जे केलं ते आता सांगतो. माझ्याच हातून झालं.

कार्ड लिहिताना अनसू मांडीवर होती. शाई वाळायले कार्ड बाजूले ठेवलं, तर तिनं उचलून तोंडात घातलं अन् कोपरा फाडला. घरात दुसरं कार्ड नव्हतं अन् हे टपालात टाकायले निघाले होते. अक्षर शाबूत होतं, म्हणून मी तसंच देऊन टाकलं. कोपरा फाटलेलं कार्ड कोणत्या बातमीचं असते, हे शेंबड्या पोराले कळते. मले त्या वेळी सुचलं नाही. माझं सारं ध्यान डोहात होतं.

पोस्टमननं ते कार्ड चंपतच्या हातात देलं अन् मान खाली घातली. चंपतनं वाचलं नाही. मयताचं कार्ड घरात नेत नाहीत, म्हणून फाटकाबाहेर दगडाखाली ठेवलं. अक्षर माझं, म्हणजे मी जिवंत. त्याचे भाऊजी गेले असते तर मी लिहायच्या अवस्थेत नसती. मंग राह्यलं कोण? असा त्यानं हिशेब लावला. बंगल्याच्या किल्ल्या शेजारच्या दौलतसिंगाजवळ देल्या अन् पायीच निघाला. मोटार भेटते का, हेही पाह्यलं नाही.

बुधवारी दुपारी मी मेथीच्या जुड्या बांधत होती. मळ्याच्या कुंपणाशी माणूस उभा दिसला. पायात काही नाही, तोंडावर धूळ, दाढी वाढलेली. मी ओळखलं नाही, भाऊ. माझ्या पाठच्या भावाले मी ओळखलं नाही. तो आत येईना. तिथूनच इचारलं, मातीले माझ्यासाठी काहून थांबले नाही. मले काही उमजेना. कोणाच्या मातीले, मी इचारलं. तेव्हा त्यानं नाव घेतलं. अनसूच्या, म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते नाव ऐकलं, अन् ते असं.

मी नुसता हात केला. अनसू ओसरीवर होती. तुमची चरखी तिले भेटली होती अन् ती करकर फिरवत बसली होती. चंपतनं तिच्याकडं पाह्यलं अन् कुंपणाचा बांबू धरून खाली बसला. मी धावली, त्याले उठवलं, पाणी पाजलं. तो रडला. जिजाच्या वेळी रडला नव्हता. माझ्या पायावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला अन् मीही थांबवलं नाही.

पोट्टी मात्र भेली. दाढीवाला रडका माणूस पाहून चरखी टाकली अन् माझ्या लुगड्यात शिरली. त्यानं हात पुढं केला तर आणखीच किंचाळली. मले वाटलं आता हा परत जाईन, जाईन तो सरळ डोहातच जाईन. पण तो उठला नाही. ओसरीखाली मांडी घालून बसला, चरखी उचलली अन् फिरवाले लागला. मी जुड्या बांधून उठली, चूल पेटवली, भाकरी केल्या, तरी तो फिरवूनच राह्यला. अनसू लुगड्याआडून पाहे. मंग एक पाऊल आली. बसली. पुन्हा उठली. भाकरी थंड झाली तोवर त्याच्या गुडघ्याले धरून उभी होती अन् चरखीची मूठ आपल्या हातात मागत होती.

त्यानं आठ दिवसांची रजा मागतली आहे. पुढचं त्यालेही माहीत नाही अन् मलेही. नदी आहे तिथंच आहे. रात्री हे दारापाशी झोपतात, मी अजून भेतो. पण काल त्यानं आपण होऊन इचारलं, पोरगी नदीवरच्या हवेत राहीन काय. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत तू इकडं येत जा, मंग पाहू.

रविवारी वेळ काढून या. तुमच्यासाठी वांगी राखून ठेवली आहेत, अब्बांसाठी पण घेऊन जा. या घराले परकं समजू नका.

चरखी तुमी चांगली निवडली. बुधवारपासून दोघं मिळून फिरवून राह्यले, अजून एकदाही अडकली नाही.

तुमची
गिरजाबाई