हा आकडा नाही

३ तारीख

पळून आलो नाही मी. ताई, तू शेजारणींना काय सांगायचं ते सांग, पण सांगून, बॅग भरून, तुझ्या हातचा डबा घेऊन निघालेल्या माणसाला पळाला म्हणत नाहीत. तीन कामं सोडली, मान्य. शाळा सोडली, तेही मान्य. म्हणूनच ही वही दिलीस ना, रोज लिही, एका जागी बसायची सवय लागेल? घे, बसलो.

जागा झकास आहे. मासळीचं शीतगृह. बाहेर घाम, आत बर्फ. खोक्यांचं वजन संगणकात टाकायचं, आणि खोली बंद करताना आत माणसं किती ते. दाराच्या चौकटीला एक डोळा बसवलाय, तो आतबाहेर करणारी माणसं मोजतो. त्याचा आकडा आणि माझा आकडा जुळला की कुलूप लागतं. उत्तर रोजचं ठरलेलं, शून्य. एवढं गणित मलाही येतं.

माझ्या आधीचा कारकून न सांगता गेला. पळाला, मुकादम म्हणाले, तुम्ही पोरं सगळी एका माळेचे मणी. त्याची कानटोपी खुंटीवरच राहिलीय. उबदार आहे. मीच घालतो.

५ तारीख

फजिती झाली. चिठ्ठीवर हमालाने 'दीड टन' लिहिलेलं, मी तसंच टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : हा आकडा नाही. वर यंत्राची कान फाटेल अशी शिट्टी. दीड आकडा नाही, तर काय भाजी आहे? आजोबांनी दीडकी पाठ करून घेताना माझे कान ताणले ते उगाच? मुकादम पोट धरून हसले. म्हणाले, दीडशहाण्या, त्याला अक्षरं कळत नाहीत, एक टिंब पाच असं टाक.

आता सगळे मला दीडशहाणाच म्हणतात. सगळ्यात जास्त तो लंबू हमाल, बत्तीशी दाखवत.

९ तारीख

तेच रडगाणं. शून्याआधी मोकळी जागा पडली : हा आकडा नाही. शून्याच्या जागी ठ दाबला गेला : हा आकडा नाही. बिचाऱ्याला एकच वाक्य पढवलंय. मुकादम म्हणतात, तो काय बोलतो ते वाचत बसू नकोस, पुसायचं आणि परत टाकायचं.

१२ तारीख

तीन नंबरची खोली आज पहिल्यांदा माझ्याकडे आली. शून्य टाकलं. हा आकडा नाही. पुसलं, बोटं पँटला पुसली, परत टाकलं. तेच. शेवटी मुकादमांनी येऊन एक टाकला. खट्. कुलूप. म्हणाले, आधीचा गेल्यापासून या खोलीला एकच लागतो, बिघाड आहे काहीतरी.

मी आत बघून आलो होतो. खोकी होती. माणूस नव्हता.

१६ तारीख

रोज एक टाकतो. खट्.

बोटं सुन्न असतात, बाहेर उन्हात बसलो तरी. घाबरायला पाहिजे बहुतेक. नाही घाबरत. जेवणाचीही चव लागत नाही.

१९ तारीख

लंबू आला नाही. पळाला, मुकादम म्हणाले. त्याचा डबा इथेच आहे. भरलेला.

तीन नंबर. एक टाकला. हा आकडा नाही. पुसून परत एक —

दोन टाकला. खट्.

२० तारीख

जेवताना कळलं. घास हातातच राहिला.

तो खोटं बोलत नव्हता. हा आकडा नाही. आकडाच नाही असं नव्हे. *हा* नाही. दुसरा आहे.

मुकादमांना सांगितलं. म्हणाले, दीडशहाण्या. या वेळी कुणी हसलं नाही —

२१ तारीख

भरदुपारी आत आलो, खोकी हलवून बघायला. मागे दार लागलं. आतला दांडा नुसता गरगर फिरतो.

हाका मारल्या. पंख्यांच्या आवाजात —

शिट्टी. शून्य टाकलं असेल मुकादमांनी. ते वाचणार नाहीत. पुसणार —

शिट्टी. एक.

एका जागी बसलोय, ताई. बघ.

खोक्यांआड लंबू आहे. हसत नाही. त्याच्या शेजारचा माझ्या टोपीकडे बघतोय. दिली त्याला. दोघांनी सरकून जागा केली —

शिट्टी. म्हणजे दोन. आता तीन टा—

खट्.

तुला म्हणतील, पळाला. तू नको म्हणूस. पळणारा पगार ठेवून जातो का? पंधरवड्याचा मिळाला, पाकीट टेबलाच्या खणात, तुझ्या नावाने, सगळा तुलाच पाठवतोय. रक्कम अक्षरात लिहितो. तुला अक्षरं कळतात. साडेसहा ह