निळ्या पट्ट्याची शेवटची व्यवस्था

मी, कुझुमाकी तोकिए, वय शहात्तर, अविवाहित, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून सहायक म्हणून निवृत्त (लागले तेव्हाही सहायकच होते), राहणार कानाझावा, आसानो नदीकाठ, सध्या मुक्काम याच शहरातलं रुग्णालय, जाहीर करते की हे माझं पहिलं आणि अखेरचं मृत्युपत्र आहे. माझं यकृत गेलं आहे, डोकं गेलेलं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबावाखाली राहण्याची नोकरी कधीच संपली.

हा मजकूर नोटरी श्री. इशिगुरो माझ्या खाटेशी बसून मोठ्याने वाचतील, दोन्ही साक्षीदार तो शेवटपर्यंत ऐकतील आणि मग शिक्के उमटतील, अशी रीत आहे. कच्चा मसुदा बघून श्री. इशिगुरो म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात एवढं घालत नाहीत. घर कुणाला, पैसे कुणाला, संपलं." मी म्हटलं, "तेवढंच असतं तर तुम्हाला इथवर जिने चढायला लावलं असतं का?" त्यांनी चष्मा पुसला आणि मसुदा पिशवीत ठेवला. त्यांची फी त्यांना पूर्ण द्यावी.

कलम पहिले. नदीकाठचं माझं घर, त्यातल्या सामानासह, माझी भाची चिनामी हिला द्यावं. छत स्वयंपाकघराच्या बाजूला गळतं, हे तिला ठाऊक आहे. तिथे तिने आपलं केस कापायचं, नखं रंगवायचं दुकान हलवलं तरी माझी हरकत नाही. मागच्या खोलीत, जिथे माझी उपकरणं आहेत, पिरॉलचा वास येईल, तो जाणार नाही. पिरॉल हा आमचा कच्चा माल. ताजा असताना पाण्यासारखा असतो, ठेवला की काळा पडतो, म्हणून दर वेळी नव्याने ऊर्ध्वपातन करून घ्यावा लागतो. विभागात ते काम माझं होतं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मीच ते शिकवलं, आणि त्यातले बरेच जण पुढे माझे साहेब झाले.

कलम दुसरे. टपाल बचत खात्यातली रक्कम चिनामीलाच. त्यातून माझं दहन साधेपणाने करावं. भटजींना लांबण लावू देऊ नये.

कलम तिसरे. माझा धाकटा भाऊ सेइजी, म्हणजे चिनामीचा बाप, याला काहीही देऊ नये. भावंडांना कायद्याने राखीव वाटा लागत नाही, हे श्री. इशिगुरोंनी सांगितलं त्या दिवशी मी दोन वाट्या भात खाल्ला. वडिलांचा किमोनो रंगवायचा कारखाना त्याला मिळाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो मला म्हणाला होता, "अक्का, मला धंदा आहे. तुझं काय, बाटल्या धुवायच्या, त्या कुणीही धुवेल." मी रजा घेतली. त्या रजेत माझं काय गेलं ते पुढे येईल.

कलम चौथे. काचेच्या लांब नळ्या, चांदीचा मुलामा दिलेला ऊर्ध्वपातन संच आणि अतिनील दिवा गावातल्या मुलींच्या शाळेच्या विज्ञान मंडळाला द्यावा. मुलींना एवढंच सांगावं की हातमोजे घाला. मी घातले नाहीत, कारण आम्हा सहायकांना ते मोजून मिळायचे. माझी बोटं कायम जांभळी असायची. शेजारच्या तोफू विकणाऱ्या उमेदाबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "कुझुमाकी-सान, आज पुन्हा वांग्याचं लोणचं घातलंत वाटतं?" मी हो म्हणायचे. खरं सांगायला गेले असते तर तोफू नासला असता, एवढी लांबलचक गोष्ट होती ती.

कलम पाचवे. चहाच्या डब्यात काळ्या कागदात गुंडाळलेली एक लहान बाटली आहे. हिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

श्री. इशिगुरोंना समजावं म्हणून लिहिते. रक्त लाल असतं आणि पान हिरवं असतं ते एकाच जातीच्या वलयांमुळे. चार लहान कड्या जोडून केलेलं एक मोठं कडं. त्या जातीला पोर्फिरिन म्हणतात आणि आमचा विभाग ती बनवायचा. बनवताना बहुतेक मालाचं डांबरच होतं. ते डांबर नळीतल्या पांढऱ्या भुकटीतून खाली उतरवलं की जांभळा पट्टा वेगळा निघतो. तो धरायचा, बाकीचं फेकायचं, असा नियम होता. जांभळ्याच्या मागे एक बारीक निळा पट्टा रेंगाळायचा. त्याच्याकडे कुणी बघत नसे.

शोवा ५२, म्हणजे १९७७ च्या हिवाळ्यात मी तो बघितला. तेव्हा हाताकेनाका आत्सुरो माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा, नुकताच व्याख्याता झाला होता. पिरॉल उकळायला मीच शिकवलेला.

"ताई, ते डांबर टाका आणि भांडी घासायला घ्या. उद्या पुन्हा लावायचंय."

"आत्सुरो, हा पट्टा रोज त्याच जागी येतो. घाण रोज एकाच जागी येत नाही."

"घाणीलाही सवयी असतात हो, ताई."

सगळे हसले, मीही हसले. पण मी टाकलं नाही. अख्खा हिवाळा ती निळी घाण थेंब थेंब जमवत राहिले, आणि बर्फ वितळायच्या सुमाराला स्फटिक आले. माझा अंदाज असा होता की कडं चारवर बंद न होता सहा कड्यांचं झालं आहे. तसं असू शकतं, हे आमच्या विभागात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला बोलावलं. त्याने बाटली खिडकीकडे धरली, मी ती हातातून काढून घेतली, कारण उजेडाने हा रंग मरतो. माझा अंदाज मी त्याला तिथेच सांगितला.

"हे कुणी कुणी पाहिलंय, ताई?"

"मी, आणि आता तू."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस तो. मला तो असा आठवावा लागतो, याची चीड येते.

त्याच आठवड्यात वडील पडले. मी बाटली विभागातल्या खणात ठेवून रजेवर गेले, त्यांची सेवा केली, ते वारले, त्यांचं सगळं केलं. परत आले तोवर लेख परदेशी जाऊन छापूनही आला होता. सहा कड्यांचं वलय, माझ्याच स्फटिकांवरून; उरलेले मी बाटलीसकट घरी आणले. वर नावं दोन होती, विभागप्रमुखांचं आणि आत्सुरोचं. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, तुम्ही दुःखात होता. अशा वेळी तुम्हाला कसा त्रास द्यायचा?" लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'कुमारी कुझुमाकी यांचे तांत्रिक मदतीबद्दल आभार.'

त्या लेखावर तो प्राध्यापक झाला, मग विभागप्रमुख, मग त्याला पदक मिळालं. मी त्याची सहायक झाले. ताई बंद झालं आणि कुझुमाकी-सान सुरू झालं. सोडून का गेली नाहीस, असं चिनामी विचारते. दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाने मला घेतलं असतं, आणि कशाच्या जोरावर? माझ्या नावावर आभाराची एक ओळ होती. मला तेव्हा राग आला होता, तो अजून आहे, आणि म्हातारपणात तो निवतो म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी झालेलं नाही.

मागच्या महिन्यात प्राध्यापक हाताकेनाका इथे आले. हातात वाळवलेल्या पर्सिमन फळांचा खोका. विद्यापीठ जुन्या वस्तूंचं दालन उघडणार आहे म्हणाले.

"ताई, ती पहिली बाटली तुमच्याकडेच असेल ना?"

"इतक्या वर्षांनी ताई आठवली?"

"म्हातारे झालो आपण. दालनात मधोमध ठेवू. खाली पाटी लावू."

"पाटीवर काय लिहाल?"

ते खोक्याची रिबन सोडवत बसले. शेवटी म्हणाले, "ते समिती ठरवेल."

मी म्हटलं, "मृत्युपत्र करतेय. साक्षीदार व्हाल?" त्यांचा चेहरा उजळला. डायरी न बघता हो म्हणाले.

तर बाटलीची व्यवस्था अशी. बाटली चिनामीला द्यावी. तिने आपल्या दुकानातलं नखांचा रंग काढायचं द्रव्य घेऊन त्यात स्फटिक विरघळवावेत, ते द्रावण काचेच्या पेल्यात ओतावं आणि पेला दक्षिणेच्या खिडकीत उन्हात ठेवावा. आधी एकदा नीट बघून घे, पोरी. तसा निळा तुझ्या आजोबांना कधी साधला नाही. मग तो फिकट होईल, पिवळट होईल, आणि झाडाला घालायच्या लायकीचाही राहणार नाही. मोरीत ओतून पेला धुवावा. यात विज्ञानाचं काही नुकसान नाही. कृती छापलेली आहे, आज कुणीही हे संयुग बनवू शकतो. नाहीशी होणार ती फक्त पाटी लावायची जागा.

कलम सहावे, साक्षीदारांबाबत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे, त्याला त्या मृत्युपत्राचा साक्षीदार होता येत नाही. हा कायदा मला ठाऊक होता. प्राध्यापक हाताकेनाकांनी विचारला असता तर सांगितला असता. पण त्यांना आधीपासून शेवटच वाचायची सवय, मधली कृती ते कधी वाचत नाहीत.

प्राध्यापक, तुम्ही हे आत्ता ऐकत असाल. उठून जायची मोकळीक आहे. तुम्ही उठलात तर हे मृत्युपत्र पुरं होणार नाही, माझं सगळं बाटलीसकट सेइजीकडे जाईल आणि तो ती भंगारवाल्याला देईल. चिनामीचं नुकसान होईल, तेवढा धोका मी पत्करला आहे. पण तुम्ही उठणार नाही. चार माणसांदेखत तुम्ही कधी काही वाईट केलेलं नाही. तुमचा शिक्का या कागदावर बसला, की कलम पाचवं तुमच्यासमोर वाचलं गेलं आणि तुम्ही त्याला हरकत घेतली नाही, हे नोटरीच्या कपाटात आपण दोघं गेल्यावरही राहील. मला एवढंच हवं होतं.

उमेदाबाईंना इतका वेळ तिष्ठत बसवलं, त्याबद्दल क्षमा. वांगी नव्हती हो ती.

कलम सातवे. या दस्तऐवजाच्या कामी प्राध्यापक हाताकेनाका आत्सुरो यांचे तांत्रिक मदतीबद्दल आभार.

वरील सर्व मजकूर मी सांगितला, ऐकला आणि तो बरोबर आहे.

स्थळ: कानाझावा. दिनांक: १४ नोव्हेंबर, हेइसेई २९ (२०१७).

मृत्युपत्र करणार: कुझुमाकी तोकिए (शिक्का)

साक्षीदार: उमेदा क्योको, तोफू विक्रेती (शिक्का)

नोटरीची नोंद: दुसऱ्या साक्षीदारांनी शिक्का उमटवण्याआधी कलम सातवे पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती केली. ते वाचून दाखवलं. त्यांनी मजकुरात कोणतीही दुरुस्ती सुचवली नाही. — इशिगुरो

साक्षीदार: हाताकेनाका आत्सुरो, निवृत्त प्राध्यापक (शिक्का)