तिला कोणी उत्तर सांगू नये

मी खाली सही करणारा, वय एकसष्ट, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर "काळजीचं कारण नाही" म्हणाले, पण म्हणण्याआधी जरा थांबले. मशीन असो की माणूस, अडखळलेलं मला ऐकू येतं. म्हणून हे आजच.

१. राहतं घर, दोन खोल्या, स्वकष्टार्जित. माझ्या पश्चात ते पत्नीच्या हयातीपर्यंत तिचं, नंतर मुलीचं. तोवर विकू अगर गहाण टाकू नये. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिकटवलेल्या चिठ्ठ्या कुरूप दिसतात हे मान्य. त्या काढू नयेत.

२. बँकेतली ठेव पत्नीच्या देखभालीसाठी. व्यवहार मुलीने पाहावा. ठेव जेमतेम चार वर्षं पुरेल, म्हणून कलम पाच नीट वाचावं.

३. दुकानातली सगळी हत्यारं समोरच्या दुकानदाराला. बावीस वर्षं आमची बोलचाल नाही. त्याने माझी गिऱ्हाइकं पळवली, मी त्याची पाटी झाकेल असा पडदा लावला. पण हात चांगला आहे लेकाचा. हत्यारं न्यायला त्याने स्वतः यावं आणि माझ्या बायकोला "वहिनी" म्हणून हाक मारावी, एवढीच अट.

४. पत्नी कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कापणीच्या टेबलावर होती. एके दिवशी तिने चाळीस बाह्या कापल्या, चाळीसही डाव्या. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, रात्री झोपत नाही का घरी?" हलगर्जीपणा असा शेरा मारून तिला काढलं. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला, तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. त्यातली एक बाही तिच्या पिशवीतून घरी आली. ती मी सदर सुपरवायझरला ठेवतो. कापणी बघा म्हणावं, सुताचाही फरक नाही.

५. तिचा अपंगत्व भत्त्याचा अर्ज फेटाळला गेला तो माझ्यामुळे. हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही. तपासणीत वार विचारतात, महिना विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, हे मी अर्जाच्या रांगेत लोकांच्या बोलण्यातून टिपलं होतं. चारचौघांत तिची फजिती होऊ नये म्हणून आठ दिवस तिच्याकडून घोकून घेतलं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. अधिकाऱ्यासमोर तिने धडाधड उत्तरं दिली. अडली तिथे मी खोकलो, ओठ हलवले. त्याच सकाळी तिने रिकामं पातेलं पेटत्या शेगडीवर ठेवलं होतं, ते मात्र मी बोललो नाही.

जिना उतरताना तिने विचारलं, "पास झाले ना हो मी?"

"पहिल्या नंबराने," मी म्हणालो.

महिन्याने पत्र आलं: अर्जदार काम करण्यास सक्षम. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बघा, मी सांगतच होते तुम्हाला."

त्या निकालावर अपील केलं आहे; हे कलम माझा जबाब समजून त्याला जोडावं. वकील म्हणाले, "काका, हे लिहू नका, अंगाशी येईल." मेलेल्याच्या अंगाशी काय येणार? आणि वाचलोच, तर त्याच टेबलासमोर उभा राहून तोंडाने सांगेन.

६. फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहे. मी नसलो तर मुलीने न्यावं. बाळ, आईचे केस नीट विंचर, चपला तिच्याच आहेत ना ते बघ, पण आदल्या दिवशी काही म्हणजे काही घोकून घेऊ नकोस. ते वार विचारतील. तिला आठवणार नाही. मग ती तुझ्याकडे बघेल, आणि तुझ्या जिभेवर उत्तर येईल. तेव्हा तू खिडकीबाहेर बघ.

येणेप्रमाणे लिहिलेलं साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं. पानं दोन. खाडाखोड एकच, कलम पाचच्या पहिल्या ओळीत: "कार्यालयामुळे" खोडून "माझ्यामुळे" केलं आहे. ती माझ्याच हातची.

सही: मशीनवाला

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार