राबातली चार अंडी

आये, आज आषाढ वद्य तृतीया, मंगळवार. सकाळचे आठ वाजले असावेत. उजाडल्यापासून मी भाताची रोपं उपटून मुठी बांधत होतो. पावसाची मोठी सर आली म्हणून पडवीत दौत घेऊन बसलो आहे. तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुझी नात आता पाच वर्षांची आहे. तिला तू पाहिली नाहीस, म्हणून तिच्याविषयी लिहितो.

बोलायला लागली तेव्हापासून मला तिची काळजी वाटते. लेकरू पडलं की आपण भुईला चापट मारतो, हिनंच पाडलं म्हणतो, तशी तिच्या आईनंही मारली. तर ही रडायची थांबली आणि भुईवरून हात फिरवत म्हणाली, "तिला पन लागलं आसंल." सगळे हसले. मला मात्र तू आठवलीस. जत्रेला आपला बोकड कापला आणि मी ताटावरून उठलो, तेव्हा तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मागं न बघता म्हणालीस, "आसल्या काळजानं शेती हुईत न्हाई, लेकरा." ते बोलणं मी मनात धरून ठेवलं. पोरीलाही कधीतरी तेच सांगावं लागणार, असं मला वाटत होतं.

चैत्रात राब भाजायचा होता. शेण, टहाळ, गवत आणि वर माती असा थर आम्ही आधीच रचून ठेवला होता. वारा पडलेला बघून तो पेटवायचा, आणि भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं. त्या दिवशी सकाळी पान हलत नव्हतं. तुझे थोरले दीर, आमचे तात्या, खापरात विस्तव घेऊन आले. तेवढ्यात डोक्यावर टिटवी घिरट्या घालत ओरडायला लागली आणि पोर राबाच्या मधोमध जाऊन बसली. तिच्या पायाशी मातीच्याच रंगाची चार अंडी.

तात्या म्हणाले, सकाळच्या पारी टिटवी ओरडणं वाईट, आधी पोरीला उचल. वारा उठला की दिवस फुकट, आणि राब कच्चा राहिला तर सगळं रोप तणात जाणार, हे मलाही कळत होतं. मी पुढं झालो. पोर हलेना.

"टिटवीची वकील आलीया," तात्या हसले. "वेल्ह्याच्या कोर्टात जाऊन दावा लावतीस व्हय गं, बाय?"

तिला दावा कळला नाही. ती वर बघत म्हणाली, "ती वंगाळ वरडत न्हाई, आजा. तिला हात न्हाईत. अंडी कशी उचलंल?"

तात्यांनी खापर खाली ठेवलं आणि माझ्याकडून कुदळ मागून घेतली. अंड्यांभोवती खाटेएवढा तुकडा सोडून त्यांनी कडेचा राब ओढून काढला, तिथं ओली गोणपाटं अंथरायला लावली, आणि मगच विस्तव टाकला. एवढ्या वेळात वारा उठला नाही. पोर बांधावर उभी, माझं बोट तिच्या मुठीत. जाळ चारी बाजूंनी आत सरकत येतो, गोणपाटाशी अडतो, वाफ निघते, आणि तिथंच बसतो. दुपारी राख गार व्हायच्या आधीच टिटवी तुरुतुरु चालत आली आणि अंड्यांवर बसली.

वैशाखात चारही फुटली. काडीएवढ्या पायांची पिल्लं राखेतून पळत सुटली. वाडीतली माणसं हातातली कामं टाकून बघायला आली. विंझरच्या पाहुण्यांना तात्या सांगत होते, असा राब भाजायला अक्कल लागते. आणि पोर त्यांच्या खांद्यावर बसून सगळ्यांना पिल्लं दाखवत होती. आये, त्या दिवशी मी वाडीतून जितका ताठ चाललो तितका कधीच चाललो नव्हतो.

त्या सोडलेल्या तुकड्यात तण माजलं, तिथलं रोप बारीक राहिलं. पण भोवतालचं असं जोमदार आलं की आपली दोन्ही खाचरं लावून मुठी उरतील. शेती झाली, आये. असल्याच काळजानं झाली.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. खाचरावरून टिटवी ओरडत गेली की पोर हातातलं रोप टाकून मला विचारते, "आपलीच का, दादा?" मी दर वेळी व्हय म्हणतो. मला त्यांच्यातली एकही ओळखता येत नाही.