कापसाची परीक्षा

तंजावर, मंगळवार, १२ मार्च १९५७. संध्याकाळ.

उजव्या कोपराखालच्या पांढऱ्या डागाला डॉक्टरांनी आज ल्यूकोडर्मा म्हटलं. म्हणजे नुसतं कोड, महारोग नव्हे. कंपाउंडर तमिळमध्ये वेण्कुष्टम्, म्हणजे पांढरं कुष्ठ, म्हणाला, तेव्हा मी चमकून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हसले. आजोबांना इथं तात्ता म्हणतात, तसंच ते मला म्हणतात. "नाव भयंकर आहे, तात्ता. रोग तसा नाही."

पण मी त्यांना फसवलं आहे. डोळे मिटायला सांगून ते डागावर कापूस टेकवत होते आणि कळतंय का, असं विचारत होते. डाग बधिर असला तर महारोग, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी पापण्यांच्या फटीतून पाहत होतो आणि दर वेळी हो म्हणत होतो. खरंच कळत होतं का? आता काही सांगता येत नाही.

घरी येऊन देवघरातली कापसाची कोरी वात घेतली आणि स्वतःच टेकवून पाहिली. पण हात आपलाच, कुठं टेकणार ते आधीच ठाऊक. याला दुसरं माणूस लागतं. माझी बायको गोदा असती तर काही न विचारता तिनं केलं असतं. तिला जाऊन चार वर्षं झाली.

तेवढ्यात सून दारात आली. "मामंजी, सांबार-भात वाढलाय. बाळी तुमच्याच ताटात जेवीन म्हणतेय."

मी बाही खाली ओढली. भूक नाही म्हणालो. नात रडत बसली. पण या हातानं तिला घास कसा भरवू?

उद्या पुन्हा डॉक्टरांकडे जाईन. या वेळी डोळे घट्ट मिटीन.