टिचकीबाई माझीच

कोल्हापूर,
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. ऋतुराज,
आत्तीचे पोटभर आशीर्वाद.

मी झकास आहे. गुडघे कुरकुरतात, पण मशीन चालवताना नाही, जिना चढतानाच. डॉक्टरांना म्हटलं, मग जिनाच बदला. हसले बिचारे. दुकानात गॅदरिंगच्या कपड्यांची झुंबड उडाली आहे. मावळे झाले, मोर झाले, काल एक चंद्रसुद्धा शिवून दिला. दोन वेळचं गरम खाते, गाढ झोपते. माझी काळजी करू नकोस. करत असलास तर.

पत्र बघून दचकलास ना? वारणानगर काही लंडन नव्हे, आणि फोन माझ्याकडेही आहे. पण फोनवर तू म्हणतोस, "आत्ती, वर्गावर आहे, नंतर बोलतो." ते नंतर ऑक्टोबरपासून उजाडलेलं नाही. म्हणून म्हटलं, लिहावं. तू शाळामास्तर आहेस, निदान वाचशील तरी.

तुझं पुस्तक वाचलं. तू दिलं नाहीस, तरी वाचलं.

त्याचं असं झालं. आपल्या मागच्या गल्लीत फातिमा राहते. तिची मुबशिरा दुसरीत आहे. पोर आपल्या बांध्याची, म्हणजे माझ्या. हातपाय आखूड, कपाळ मोठं, डोळे असे चमकदार की बघत राहावं. तिच्या शाळेत यंदा तुझ्याच पुस्तकावर नाटक बसवतायत. बाईंनी मुबशिराला टिचकीबाई केलं. काळं सॅटिन पाठवलं आणि सोबत चिठ्ठी, "पाठीला कुबड काढावे, आत कापूस भरावा."

फातिमा तर हवेत. "आवो, पोरीला मेन रोल मिळालाय की! आणि खाली दोन इंच दुमड सोडा, म्हंजे पुढल्या वर्षीबी चालंल."

दुमड सगळ्याच आया मागतात. मी वीस वर्षं हो म्हणत आले. पण या वेळी टेप हातातच राहिली. माझ्या आईनं माझ्या प्रत्येक झग्याला चार बोटं दुमड ठेवली होती रे. ती कधी उसवावी लागली नाही.

माप घेताना मला वाकावं लागत नाही आणि त्या पोरीला मान वर करावी लागत नाही. समोरासमोर दोघी. आई बाहेर गेली तशी पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, मोठेपणी मीबी वाईट होणार काय?"

"कोण म्हणालं गं तुला?"

"पुस्तकात लिवलंय." तिनं दप्तरातून पुस्तक काढलं आणि बरोब्बर बोट ठेवलं. पान अठरा. "अंग वाढलं नाही, म्हणून तिच्या मनात विष वाढलं."

ऋतुराज, मी पुस्तक ठेवून घेतलं आणि एका बैठकीत वाचलं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा ओळखला. पालथ्या घमेल्यावर चढून बोलणं ओळखलं. ते खीऽऽ खीऽऽ हसणं तर माझ्याच घशातलं. दोन दिवस त्या काळ्या कापडाला हात लावला नाही. राग आला, रडलेही. खोटं कशाला सांगू?

पण रागात एक गोष्ट विसरून चालणार नाही. टिचकीबाई माझीच. तू चार वर्षांचा, माझ्याकडे ठेवलेला, जेवायचं नाव घ्यायचा नाहीस. मग मी काळी चादर गुंडाळायची, घमेल्यावर चढायची आणि ओरडायची, "टिचकीबाई आलीऽऽ, भाकरी दे न्हाईतर विष घालते!" तू किंचाळायचास, पोट धरून हसायचास आणि भाकरी संपवायचास. मला वाटायचं, जिंकले.

मी राणीही होऊ शकले असते की. सुचलंच नाही. लहानपणापासून ज्या गोष्टी ऐकल्या, जे खेळ बघितले, त्यात माझ्या उंचीचं माणूस एक तर धडपडून लोकांना हसवायचं, नाहीतर कुणाच्या तरी दुधात विष कालवायचं. तिसरं काम बघितलंच नव्हतं. म्हटलं, हसू करून घेण्यापेक्षा विष बरं, निदान लोक टरकतील तरी. गल्लीतली पोरं मला काय काय म्हणायची. ते तू त्यांच्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडूनच ऐकावंस, असंही मनात होतं. म्हणजे अर्धी चूक माझी, आणि ती मी कबूल करते.

पण लेका, माझी टिचकीबाई भुकेली होती. तिला तुझी भाकरी हवी असायची, म्हणून ती वाईट वागायची. बुटकी म्हणून नव्हे. पान अठरावरचं वाक्य मी कधी म्हटलं नव्हतं. ते तुझं आहे.

गुरुवारी शाळेत गेले. बाई मनाच्या चांगल्या आहेत. म्हणाल्या, "अहो, तिला शोभेल म्हणून दिलं." मी म्हटलं, "मग मला तर जास्तच शोभेल. मी करू?" बाई लालबुंद झाल्या. मग त्यांनी वर्गातच विचारलं, कुणाला काय व्हायचंय. मुबशिरा उठून ओरडली, "कोंबडा!" तुझ्या गोष्टीत तोच आरवून सगळं गाव जागं करतो. पोरगी हुशार आहे. टिचकीबाईसाठी तिघं भांडले आणि वर्गातला सगळ्यात उंच विश्वजित जिंकला. कुबड रद्द. ते वाक्यही बाईंनी नाटकातून गाळलं.

मग फातिमाला समोर बसवून सांगितलं, "बाई, लांबीत दुमड नको. अंगात, बाजूच्या शिवणीत भरपूर माया सोडते, पण ही उंचीनं फार वाढायची नाही. माझं बघतेस की, अडलंय काय?" ती थोडं रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मग शेपूट तरी लांब लावा!" हाताभर लावलंय. लाल तुरा, पिवळे पाय. इतकं झोकदार काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

दुसरी आवृत्ती निघतेय असं बाई म्हणाल्या. तेवढं वाक्य काढ. टिचकीबाई राहू दे, वाईटही राहू दे. तिला भूक दे, हाव दे, काय वाटेल ते दे. पण मुबशिरानं बोट ठेवावं असं पुन्हा काही नको.

आणखी एक. लिहू नये असं ठरवलं होतं, पण आता लिहितेच. जयसिंगपूरला प्रकाशन आहे, हे मला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. मी अंजिरी साडी इस्त्री करून ठेवली होती. वाटलं, आज फोन येईल, उद्या येईल. लोकांनी पुस्तकातलं चित्र बघितलं असतं आणि मग मला बघितलं असतं. तुझी पंचाईत झाली असती, कळतं मला. पण वाईट वाटलं रे.

त्या दिवशी बाईंनी विचारलं, "लेखक इकडचेच आहेत म्हणे. तुमच्या ओळखीचे आहेत काय?"

मी म्हटलं, "न्हाई."

तुला लाज वाटेल म्हणून म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तुला नाकारलं आणि तेव्हापासून घास नीट उतरत नाही. वर गरम खाते, गाढ झोपते लिहिलंय, त्यातलं झोपेचंही खोटं आहे.

पंचवीस तारखेला, शनिवारी, चार वाजता कार्यक्रम आहे. बाई दारातच उभ्या असतील. मी कोण, ते त्यांना तूच सांग.

तू येऊन नातं सांगशील तोवर नुसतीच,
संयोगिता