सुमनसाठी बारा किलो

१६ जून, सोमवार

शहाण्णव. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या नर्सने काट्यावरचा आकडा मनातच दोनदा वाचला.

डॉक्टर सरळ बोलले. बायकोला किडनी द्यायला तुम्ही तयार आहात, चांगली गोष्ट आहे. पण या वजनावर मी तुम्हाला हात लावणार नाही. एका किडनीवर पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची आहेत, आणि शुगर आताच काठावर आहे. पंच्याऐंशीच्या खाली या. उपाशी राहून नको — तसं उतरलेलं दोन महिन्यांत परत येतं. उतरवा आणि टिकवून दाखवा.

दुसरी अडचण. माझं रक्त बी, सुमनचं ए. माझी किडनी तिला थेट चालत नाही. म्हणून अदलाबदलीची यादी असते. आपल्यासारखंच दुसरं जोडपं, आपल्या बरोबर उलट रक्ताचं. माझी किडनी त्यांच्या माणसाला, त्यांची सुमनला. पण माझं नाव यादीत जाणार ते वजन उतरल्यावरच.

सुमन बाहेर बाकावर बसली होती, डायलिसिसच्या हातावर पदर ओढून. "काय म्हणले?"

"म्हणले, जास्त खातो."

हसली नाही.

१८ जून

दोन दिवस काकडी आणि पाणी. आज बांधावर डोळ्यांपुढे अंधारी आली, गड्याने धरून घरी आणलं. डॉक्टरांनी नको म्हटलेलंच आधी केलं. मी असाच.

१९ जून, गुरुवार

सकाळी जवळा बाजारच्या रस्त्याने पायी निघालो. आमच्याकडे पायी चालणारा म्हणजे गाडी बिघडलेला माणूस. पहिला थांबला ग्यानबा. "काहून पायी? पेट्रोल संपलं का?"

फिरायला निघालो, म्हटलं.

"मंग बसा की. फिरवून आणतो."

नको म्हटल्यावर तोंड पाडून गेला. मग दूधवाला थांबला. मग शाळेचे मास्तर. चौथ्याला नाही म्हणवेना. गाडीवर बसून गेलो, गाडीवर बसून आलो, वर त्याने जवळ्याला भजी चारली. घरातून निघालो नसतो तर बरा होतो!

२२ जून, रविवार

मायला आज सांगितलं. ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, "बायामाणसं देतेत किडन्या. कमावता गडी कोनी देतो का?" थोड्या वेळाने, हळू आवाजात: "तुला काई झालं तर मी कोनाकडं पाहू?"

एकुलता एक आहे मी तिचा. तिला वाईट म्हणवेना, पण रागावलो. जेवणार नाही म्हणून ताटावरून उठलो — आणि तासाभराने तिनेच केलेले तीन लाडू उभ्याउभ्या खाल्ले. राग आला की मी खातो. सत्तेचाळीस वर्षांत आज लक्षात आलं.

७ जुलै, सोमवार

सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपवास धरले होते. काल आषाढी एकादशी, तीही धरली. इतक्या उपवासांनी वजन उतरायलाच हवं. आज जवळ्याला आडतीच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो, जिथे सोयाबीनची पोती ठेवतात.

सत्त्याण्णव.

आडत्या म्हणतो, "मालक, माल ओला दिसून राहिला."

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमला फोन लावला. त्यांनी विचारलं, उपवासाला खाता काय? सांगितलं: साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळी, केळी, संध्याकाळी दाण्याचा लाडू. त्यांनी पुन्हा एकदा सगळं वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, उपवास सोडा. जेवत जा."

हे सुमनला सांगितलं. "एकादशी अन् दुप्पट खाशी," म्हणून ती हसली. पोट धरून हसली. दुखणं आल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या वाढलेल्या किलोचे उपकारच म्हणायचे.

११ जुलै, शुक्रवार

मंगळवार-शुक्रवार हिंगोली. सुमन मशीनवर चार तास. दोन वर्षं मी या चार तासांत काय केलं? स्टँडजवळ कचोरी. मग चहा. मग वडा. मग परत चहा. माणूस आत पडलेलं, बाहेर हाताला काम नाही, आणि गाडे समोरच.

आज तिला आत सोडलं आणि चालत सुटलो. रेल्वे स्टेशनपर्यंत, तिथून मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या थप्प्यांमधून, मग परत दवाखाना. शहरात कुणी विचारत नाही पायी का म्हणून! सदरा घामाने पाठीला चिकटला. सुमन म्हणाली, "घाबरलात का? एवढा घाम?" नाही, म्हटलं. खरं तर बरं वाटत होतं. किती तरी दिवसांनी.

१५ जुलै, मंगळवार

मॅडमनी ताट बदललं नाही, क्रम बदलला. आधी पालेभाजी आणि काकडी, मग घट्ट वरण, मग भाकरी. ज्वारीची दीड. आधी तीन व्हायच्या, वर भात. शेंगदाणे बचकभर नाही. चहा दोनदा, बिनसाखरेचा. गावात चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं, म्हणून लोकांच्या घरी कप घेतो आणि घोटभर पिऊन खाली ठेवतो.

जेवणाआधी तांब्याभर पाणी प्या, असंही सांगितलंय. सुमनला दिवसाचं पाणी मोजून. तिच्यासमोर तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. आता गोठ्याजवळच्या रांजणावर पिऊन येतो. तिला ते कळलंय.

बिचारी स्वतःचं बिनमिठाचं वेगळं करते, माझं बिनतेलाचं वेगळं. अंगात ताकद नसताना. आज भाकरी थापताना तिचा हात दोनदा थांबला. उद्यापासून मायने भाकरी करायच्या ठरलं. माय आपण होऊन म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार

आठ दिवस झाले, रस्त्यात एकही गाडी थांबत नाही. मी खूश, पण कोडं पडलं. आज ग्यानबा समोरून आला, गाडी हळू केली, हात जोडले आणि चालला. हाक मारून थांबवलं. हे काय रे?

"मायनं सांगितलं की गावात. विजूभाऊचा नवस हाय औंढ्याच्या नागनाथाला. बायकोला गुण येईस्तोवर सकाळी पायीच चालायचं. त्याला कोनी गाडीवर बसवू नका, पाप लागंल."

घरी आलो. माय सुपात तूर पाखडत होती. विचारलं, नवस कधी बोललो मी?

"खोटं काय हाय त्याच्यात?" म्हणाली. वर पाहिलं नाही. सूप चालूच.

तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, लाज वाटली. निदान इथे लिहून ठेवतो — माय, तुझे फार उपकार आहेत.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांना ओवाळलं. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप घेऊन. मॅडम म्हणाल्या होत्या, सण सणासारखा खा, दुसऱ्या दिवशी परत आपल्या ताटावर या. वजन ब्याण्णव. पोळी गोड लागली.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस थांबत नाही. सोयाबीन पाण्यात उभं आहे. पूल बुडाला, रस्ता बंद, चालणं बंद. सुमनला हिंगोलीला न्यायला काल ट्रॅक्टर काढावा लागला. घरात बसून काय करतो? खातो. काल भजी, आज भजी.

२८ सप्टेंबर, रविवार

एकोणनव्वदपर्यंत आलो होतो. आज एक्क्याण्णव. सुमनला म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही हे.

तिला राग येईल वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "माझ्यासाठी करू नका मंग."

म्हणजे?

"माझ्यासाठी करसाल तर माझं झालं की सोडसाल. मी राह्यले न राह्यले, आरोहीला बाप लागंल. तुमच्या जिवासाठी करा. तेवढं केलं तरी मला पोचलं."

आरोही आमची, बारावीला नांदेडला. चिडून लाडवाचा डबा उघडला. झाकण परत लावलं. गोठ्यात गेलो आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घातल्या, पाऊस उणावेपर्यंत. बैल रवंथ सोडून माझ्याकडे बघत होते.

सुमन, तू बोललीस ते बरं केलंस. लागलं, पण बरं केलंस.

१२ ऑक्टोबर, रविवार

हळदीतलं तण निंदायला बायांसोबत बसलो. मालक बसले म्हणून त्यांना हसू. पहिल्या तासातच त्या पुढे निघून गेल्या, मी एकटा मागे. पण उकिडवं बसता येतं आता! बुटाची नाडी बांधताना दम कोंडत नाही. शेत माझंच, पण इतकी वर्षं बांधावरूनच बघत होतो. मातीचा वाससुद्धा विसरलो होतो.

१७ डिसेंबर, बुधवार

चौऱ्याऐंशी!

संभाजीनगरला त्याच काट्यावर. नर्स तीच. या वेळी मोठ्याने वाचलं. शुगर काठावरून मागे सरकली. डॉक्टरांनी उठून हात मिळवला, म्हणाले, आज यादीत नाव जातं. पण आता खरं काम — हे टिकवायचं.

येताना सुमन जीपमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. जिंतूर गेलं तरी मी खांदा हलवला नाही. देवाचे, डॉक्टरांचे, मॅडमचे, मायचे, त्या आडत्याचेसुद्धा आभार.

१४ जानेवारी, संक्रांत

दवाखान्यातून फोन. जोडपं सापडलं! रक्त जुळतं, सगळं जुळतं. मायने देवापुढे तिळगूळ ठेवला. सुमनने नुसते डोळे मिटले.

फक्त म्हणाले, त्यांच्याकडून थोडा वेळ लागेल, तयारी व्हायची आहे. किती? सांगता येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

अजून त्यांचं काही नाही. सुमनचा चेहरा सकाळी सुजलेला असतो. दोन पायऱ्या चढली की थांबते. आणि हे लोक वेळ काढून राहिलेत! कसली तयारी? मी शेत, पाऊस, हिंगोलीच्या खेपा सांभाळून तयार झालो. मोठे लोक असतील, सवडीने येतील. त्यांना काय ठाऊक, दिवस कसा जातो ते. आज दवाखान्याशी फोनवर मी जरा वरच्या आवाजात बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो.

रागात डब्याकडे गेलो नाही. रस्त्याला लागलो. परत आलो तेव्हा राग अर्धा झाला होता. वजन त्र्याऐंशी, आणि त्यासाठी आता वेगळं काही करावं लागत नाही. दीड भाकरीत पोट भरतं. एवढं एक बरं आहे.

११ मार्च, बुधवार

संभाजीनगर. ऑपरेशनला मंजुरी देणाऱ्या कमिटीपुढे आज दोन्ही जोडपी बसवली. ते कन्नडकडच्या तांड्यावरचे. बाबूसिंग मशीनवर, सुमनसारखेच वाळलेले. किडनी देणार त्यांची बायको, चंदाबाई. माझी बाबूसिंगला, चंदाबाईंची सुमनला. ऑपरेशन सोमवारी.

मी बाहेर आल्यावर विचारलंच. ताई, एवढा उशीर का लागला?

त्या ओशाळल्या. "वजन लई होतं, भाऊ. रक्त जुळलं म्हनून नाव आधीच घेतलं, पन डॉक्टर ऑपरेशनला घेईना. रोज चालले, घाटानं वर-खाली, कामावर जायच्या आधी. पन मव्हं काही लवकर उतरंना. तुमच्या बाईला माझ्यापायी थांबावं लागलं, माफी करा."

सुमन त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली. इतके महिने मी जवळ्याच्या रस्त्याला लागत होतो, तेव्हा तिकडे ही बाई घाट चढत होती, आणि तिने उतरवलेला एकेक किलो सुमनच्या नावाचा होता. आम्हाला माहीतच नव्हतं.